साडेएकोणीस वर्षांची पिशवी

आदिलाबाद जिल्ह्यात कापूस पिकतो, हे भूगोलाच्या पुस्तकात असतं. तो कापूस गाठी बांधून बाहेर जातो, कुठेतरी त्याचं सूत होतं, सुताचं कापड होतं आणि शेवटी त्यावर हिरव्या शाईत ‘पृथ्वी वाचवा’ असं छापून तो पिशवीच्या रूपाने आमच्याच घरी परत येतो, हे मात्र पुस्तकात नसतं. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असतं, पण निघताना पिशवी घ्यावीच लागते. विमा काढला, पिशवी. कोणाचा निरोप समारंभ, पिशवी. एका बारशाला बाळाचं नाव कानावर पडायच्या आत पिशवी हातात आली आणि नाव आम्ही तिच्यावरच वाचलं. या सगळ्या पिशव्या एका पिशवीत, ती आणखी मोठ्या पिशवीत, आणि ती स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला. मागच्या पावसाळ्यात तो खिळा भिंतीच्या पोपड्यासकट खाली आला.

एवढी संपत्ती असून भाजीबाजारात माझ्या हातात पिशवी कधीच नसते. भाजीवाली अक्का आता मला लांबूनच ओळखते.

“संची लेदा, सार?”

“घरी पुष्कळ आहेत, अक्का.”

“मग वांगी बी घरीच घ्याची होती.”

अशा वेळी मी हेल्मेट पुढे करतो. हेल्मेटमध्ये दोघांपुरती वांगी आरामात बसतात, कोथिंबीर शर्टाच्या खिशात, मिरच्या पँटच्या. (पँटच्या खिशातल्या मिरच्यांबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.) एकदा चौकात पोलिसाने अडवलं. हेल्मेट डोक्यावर का नाही, असं विचारता विचारता त्याने आत डोकावून पाहिलं आणि वांगी काय भावाने मिळाली ते विचारून मला सोडून दिलं.

मनाला एवढंच समाधान होतं की, घरी टांगलेल्या त्या पिशव्यांमुळे का होईना, आपण निसर्गाच्या बाजूने आहोत. तेवढ्यात डेन्मार्क मध्ये आलं. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०१८ साली सगळ्या जातींच्या पिशव्यांची जन्मापासून मरणापर्यंतची कुंडली मांडली. कापसाला लागणारं पाणी, खत, वीज, ओझोनच्या थराला बसणारा फटका असं सगळं धरलं, तर साधी सुती पिशवी दुकानातल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ७,१०० वेळा वापरावी लागते. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. फक्त तापमानवाढीचा हिशेब केला तर साध्या सुती पिशवीचं ५२ वेळांत भागतं, असंही त्यात म्हटलंय. शिवाय उकिरड्यावर, नालीत आणि गाईच्या पोटात जाणारं प्लॅस्टिक त्यांनी धरलेलंच नाही. डेन्मार्कच्या गाई भाजीबाजारात फिरत नसाव्यात. पण मला ५२ दिसलेच नाहीत. मी ७,१०० ला ३६५ ने भागलं. रोज एकदा न चुकता वापरली तर साडेएकोणीस वर्षं. सेंद्रियवाली जवळजवळ पंचावन्न वर्षं.

आणि खिळ्याला टांगलेलं ते बोचकं!

“वाटून टाका लोकांना,” बायको म्हणाली.

“कोणाला? लोकांनीच तर दिल्यात.”

मी मृत्युपत्राचा विचार करू लागलो. जमीन नाही, सोनं जेमतेम, पिशव्या मुबलक. थोरल्याला विम्याच्या, धाकटीला लग्नाच्या, आणि नातवंडांनी त्या उरलेली वर्षं वापरून पूर्ण कराव्यात अशी अट.

या चिंतेत असतानाच मामाजी बाजारातून आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. बेल्याहून डोळ्यातला मोतीबिंदू काढायला आमच्याकडे आले आणि राहिले. ऑपरेशन फार छान झालं. आता घरात कुठल्याही खोलीत विनाकारण चालू असलेला दिवा त्यांना अंगणातून दिसतो. त्यांच्या हातात नेहमीची वायरची पिशवी होती, निळ्या-पिवळ्या वायरची, माझी बायको पाटी घेऊन शाळेत जायची तेव्हा सासूबाईंनी विणलेली. म्हणजे चक्क प्लॅस्टिक. तिचे बंद दोनदा बदलले, बूड एकदा नव्याने विणलं, बाकी ती अजून पाच किलो कांदे हसत उचलते. हिशेब केला तर आमच्या घरातली सर्वांत पर्यावरणपूरक वस्तू ही प्लॅस्टिकची निघाली. मी तसं मामाजींना सांगितलं.

“म्हंजे काय म्हणता जावईबापू?”

“तुम्ही पृथ्वी वाचवताय, मामाजी.”

“मी पैसे वाचवतो. पृथ्वीचं तुमी पाहा.”

मामाजींचा आणि प्लॅस्टिकच्या कायद्याचा संबंध जुना आहे. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिने कैद. आम्ही तेलंगणात, पण सोयरे सगळे पैनगंगेच्या पलीकडे. नेमकं त्याच आठवड्यात पुतण्याचं साक्षगंध पांढरकवड्याला. दोन गाड्या भरून आम्ही महामार्ग ४४ ने निघालो. पैनगंगेचा पूल जवळ आला तसे मामाजी पुढच्या सीटवर ताठ झाले. “गाडी थांबवा. कोणाजवळ पन्न्या हायेत?”

सगळ्यांजवळ होत्या. चिवडा, शेव, फुलं, ओटीचं सामान, मुलांचे जास्तीचे कपडे, सगळं पन्नीत. पुलाच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर मामाजींनी सामानाची उलथापालथ केली. चिवडा थोरल्या काकांच्या उपरण्यात गेला, शेव माझ्या रुमालात, फुलं काकूंच्या पदरात. गजरे कुठेच मावेनात म्हणून सगळ्या बायकांना तिथेच माळायला लावले; एका मावशींनी चार माळले. रिकाम्या पन्न्यांची चळत करून मामाजींनी ती टपरीवाल्याच्या हवाली केली.

“येताना घेऊन जातो.”

“ठेवा त्या खिळ्याले,” टपरीवाला वर न बघता म्हणाला. “सकाळपासून तुमची तिसरी पार्टी.”

रात्री परत येताना मामाजींनी पन्न्या मोजून घेतल्या. एक कमी भरली. त्यावरून जो वाद झाला त्यात टपरीवाल्याने आम्हाला एकेक कटिंग फुकट पाजला आणि मामाजींनी तो पन्नीच्या भरपाईदाखल स्वीकारला. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या कितीतरी वस्तूंवर देशभर बंदी आली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवसापासून पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नको असा नियम झाला. नदीच्या दोन्ही काठांना एकच कायदा लागू झाल्याने त्या बिचाऱ्याचा जोडधंदा बसला.

घरी मामाजी आणि ऑफिसात ‘मिशन लाइफ’. ग्लासगोच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांनी ते जाहीर केलं, २० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत एकतानगरला त्याची सुरुवात झाली, आणि त्यानंतर आमचे साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाहून पंचाहत्तर चांगल्या सवयींची यादी घेऊन परतले. यादी चांगलीच आहे, खोटं कशाला बोला. जेवायला लहान ताट घ्या, भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घाला, लिफ्टऐवजी जिना चढा. साहेबांनी तिचा तक्ता करून प्रत्येकाला दिला आणि ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करायला सांगितलं.

पहिल्या फेरीत आमच्या ऑफिसला भरघोस गुण मिळाले. लिफ्टऐवजी जिना? हो. लिफ्ट नाहीच. एसी २४ अंशांवर? ऑफिसात एकच एसी, साहेबांच्या खोलीत, आणि तो उन्हाळ्यापासून बंद, हो. जे आमच्याकडे नव्हतं त्या सगळ्यात आम्ही पहिले आलो. जिथे खरोखर काही करायचं होतं तिथे समिती नेमली.

समितीने चहापासून सुरुवात केली. प्लॅस्टिकचे कप गेले, कागदाचे आले. आमच्यातल्या एका चिकित्सक सहकाऱ्याने कागदाचा कप पाण्यात भिजवून त्याच्या आतला प्लॅस्टिकचा पापुद्रा नखाने सोलून बैठकीत टेबलावर ठेवला. सगळ्यांनी तो उजेडात धरून पाहिला. कागदाचे कप गेले, कुल्हड आले. कुल्हडातल्या चहाला मातीची चव येते, असं बहुमत पडलं. अखेर प्रत्येकाने घरून आपापला कप आणावा असं ठरलं आणि मोहीम यशस्वी झाली, ती दुपारी चारपर्यंत. चारला शिपायाने सगळ्यांचे खरकटे कप ट्रेमध्ये मांडून साहेबांपुढे ठेवले.

“साहेब, पर्यावरण तुमचं आणि कप मी धुवायचे?”

यावर पंचाहत्तरांपैकी एकाही कलमात उत्तर नव्हतं.

मधल्या काळात साहेबांचा एसी दुरुस्त झाला. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, आणि तापमान एक अंशाने वर ठेवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे मी साहेबांना नम्रपणे सांगितलं. साहेब म्हणाले, “कारखान्याने लावलेलं ते सर्वसामान्य माणसासाठी.” तरीही समितीच्या वार्षिक अहवालात ‘नोव्हेंबर ते जानेवारी या काळात वीजवापरात लक्षणीय घट’ असं ठळक अक्षरांत आलं आणि वरून शाबासकीचं पत्रही आलं. हिवाळ्यात तेलंगणातलं नीचांकी तापमान बहुतेक आमच्याच भागात नोंदलं जातं, ही गोष्ट पत्र लिहिणाऱ्याला माहीत नसावी. त्या दिवसांत आम्ही एसी तर सोडाच, पंख्याच्या बटणाकडेही बघत नाही.

यादीतलं एक कलम मी स्वतः अंगावर घेतलं: रेल्वे फाटकापाशी गाडीचं इंजिन बंद करणे. आदिलाबादला गाड्या मोजक्या, पण फाटक बंद झालं की नंदीग्राम एक्सप्रेस मुंबईहून निघाल्याचं कळल्याबरोबर लावलंय की काय, असं वाटतं. मी रांगेत सर्वांत पुढे होतो. ऐटीत स्कूटर बंद केली. मागे हॉर्न सुरू झाले. फाटक बंद, समोर रूळ, तरी हॉर्न! इंजिन बंद करणारा माणूस आता इथेच मुक्काम करणार, अशी लोकांची समजूत झाली असावी. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि स्कूटर सुरू होईना. पर्यावरणासाठी बंद केलेलं इंजिन कायमचंच निसर्गात विलीन झालं होतं. मागच्या ऑटोवाल्याने पायाने माझ्या स्कूटरला रेटा देत रूळ ओलांडून दिले आणि विचारलं, “क्या हुआ अन्ना, पेट्रोल खतम?”

“नाही, प्रदूषण.”

“हाँ, पुरानी गाडी में होता.”

मग केसलापूर. पौष अमावास्येला इंदरवेल्ली मंडलात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातले गोंड लोक त्याआधी अनवाणी पायी चालत जन्नारमकडे गोदावरीवर हस्तिनमडुगूपर्यंत जातात आणि नागोबासाठी पाणी घेऊन तसेच चालत परततात. पूजेची मडकी सिरीकोंड्याचे कुंभार घडवतात. मेश्रामांचा स्वयंपाक ठरलेल्या बावीस चुलींवरच होतो. कुटुंबं शेकड्यांनी, चुली बावीस, आपापली पाळी आली की शिजवायचं. अशा ठिकाणी जाऊन कमी इंधन कसं वापरावं, पायी का चालावं आणि मातीची भांडी कशी चांगली, हे समजावून सांगण्याची कल्पना आमच्या समितीला सुचली.

आम्ही जीपने गेलो. सोबत गठ्ठाभर पत्रकं, एक मोठा फ्लेक्स, समितीपुरत्या पाण्याच्या बाटल्या. माझ्या वाट्याला एक वयस्कर आजोबा आले. पांढरा फेटा, हातात काठी, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. चालण्याने प्रकृती आणि पृथ्वी दोन्ही कशा सुधारतात, हे मी त्यांना चांगलं पाव तास सांगितलं. त्यांनी अतिशय शांतपणे ऐकून घेतलं, पत्रक घडी करून त्यात मुरमुरे बांधले आणि म्हणाले, “बरं सांगतलं साहेब. तुमची जीप इंदरवेल्लीले जाते का?”

जीप गेली. त्यांच्यासोबत त्यांची तीन माणसं, दोन पोती आणि एक कोंबडा आला, आणि समितीतले दोघे जण पृथ्वी सुधारत मागून चालत आले. फ्लेक्स मात्र तिथेच राहिला. पुढे कापसाच्या हंगामात मी तो मार्केट यार्डात पाहिला, एका बंडीवर पावसापासून कापूस झाकत होता. ‘प्लॅस्टिक टाळा’ हे शब्द उलटे आले होते. आमच्या मोहिमेतली एवढीच एक वस्तू कोणाच्या कामी आली, असं माझं प्रामाणिक मत आहे.

ऑफिसातला उत्साह घरी आणू नये, असा नियम असायला हवा. मी गच्चीवर खत करायचा तीन मजली माठ मागवला. माठ मातीचा, पण तो फुटू नये म्हणून थर्माकोलमध्ये बसवलेला, थर्माकोल हलू नये म्हणून फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि सोबत नारळाच्या भुशाची वीट, थेट तामिळनाडूहून. मामाजी बराच वेळ माठाभोवती फिरले.

“हे काय हाय?”

“ओल्या कचऱ्याचं खत होतं यात.”

“म्हंजे उकिरडा.”

“तसंच, पण शास्त्रीय.”

“केवढ्याले भेटला?”

मी आकडा सांगितला. मामाजी गच्चीच्या कठड्याला धरून खाली बसले. “बारा वर्षांनी उकिरड्याचा पांग फिटते, ऐकलं होतं. तुमी तर त्याले पैसे देऊन गच्चीवर आणून बसवलं.”

पुढे त्या माठात पांढऱ्या अळ्या झाल्या. त्या चांगल्या असतात, त्याच तर खत करतात, हे मी बायकोला पटवून देईपर्यंत तिने माहेरी फोन लावला होता. वडील इथेच आहेत हे तिच्या फोन लागल्यावर लक्षात आलं. शेजारच्या वदिना काळजीने चौकशी करून गेल्या, घरात उंदीर मेला आहे का म्हणून.

खरी भांडणं ओला कचरा कोणता आणि सुका कोणता यावरून होतात. २०१६ च्या नियमांनी घरातच वेगवेगळं करायला सांगितलं होतं: ओला, सुका आणि औषधं-बॅटऱ्यांसारखा घातक. वाचायला सोपं आहे. पण सीताफळाच्या बिया? नारळाची करवंटी? निर्माल्यातला दोरा? एका रात्री आमच्याकडे परवाच्या वाळलेल्या ज्वारीच्या भाकरीवरून पेच पडला. बायको म्हणाली, अन्न आहे, ओल्यात टाका. मी म्हणालो, टाळीसारखी वाजतेय, सुकाच. मुलगी फोनवर शोधू लागली. मामाजींनी दोन्ही बादल्यांच्या मधून हात घालून भाकरी उचलली.

“वाळली म्हणून कचरा होते काय? मी बी वाळलोच ना.”

त्यांनी ती हाताने कुस्करली, ताकाचा हबका मारला, कांदा-मिरचीची फोडणी दिली आणि एकट्याने खाल्ली. आम्ही तिघे वास घेत दोन रंगांच्या बादल्यांपाशी उभे होतो. निसर्ग आमच्यासारख्या सज्जनांच्या जिवावर टिकून नाही. मामाजींसारख्या चिकट माणसांनी एकही वस्तू हातची सोडली नाही म्हणून जे काही उरलंय ते उरलंय, असं मला त्या वासात वाटून गेलं. मोठ्याने मात्र बोललो नाही. त्यांनी लगेच माठाचे पैसे विचारले असते.

मामाजींना पृथ्वीबद्दल आस्था वाटल्याचं मी एकदाच पाहिलं. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे हे सांगायला एक तरुण आमच्या दारात आला. अनुदानापर्यंत मामाजी पेपर वाचत होते. मग तो म्हणाला, “आणि आजोबा, तुम्ही वापरून उरलेली वीज परत लाइनीत जाते. तिचे पैसे तुमच्या बिलात जमा.”

पेपर खाली आला.

“कोण देते पैसे? वीजवाले? आपल्याले?”

“हो, आजोबा.”

“आत या. चहा घेता?”

गच्चीवर पॅनेल बसली. मामाजींनी स्वतःच्या खर्चाने, हे मी मुद्दाम लिहितो, स्वतःच्या खर्चाने, ती पुसायला लांब दांड्याचा ब्रश आणला. खाली दुतर्फा मीटर लागलं, किती वीज आली आणि किती गेली ते दाखवणारं. मामाजी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसू लागले. आदिलाबादचं ऊन! ज्या उन्हाला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या, शेतात करपले, त्याच उन्हाकडे ते आता गिऱ्हाईक आल्यासारखे उठून पाहतात. आभाळ भरून आलं की घरात बोलत नाहीत.

तेव्हापासून आमच्या घराचे नियम बदलले. दिवसा वीज वापरायची नाही, कारण ती विकायची असते. रात्री वापरायची नाही, कारण ती विकत घ्यावी लागते. मिक्सर, इस्त्री, धुण्याचं यंत्र यांना सकाळी सूर्य उगवल्यावर पण जोर धरायच्या आत, अशी एक चिंचोळी वेळ ठरवून दिली आहे, तेवढ्यात सगळ्यांनी रांग लावायची. मुलगा हैदराबादहून सुट्टीला आला आणि त्याने भर दुपारी लॅपटॉप लावला, तर मामाजींनी मीटरपाशी बसूनच आवाज दिला, “कोण हाय तो गळती लावणारा?”

मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी पारा ४५ च्या घरात, कूलर बंद, पंखा बंद, आम्ही ओल्या चादरी अंगावर घेऊन हॉलमध्ये पडलो होतो.

“बाबा,” बायको आतून म्हणाली, “निदान पंखा तरी लावू द्या हो. उकडून जीव चाललाय.”

“उकडते ना? म्हंजे ऊन चांगलं पडलं हाय,” मामाजी मीटरवरची नजर न काढता म्हणाले. “पडून राहा गुमान.”